ओलांडणे, टाळणे आणि गाळणे : ग्रंथवाचनातील एक विवेक

१

ग्रंथ समग्र वाचावा की त्यातील काही भाग सोडून वाचला तरी चालेल, हा प्रश्न सामान्यतः वाचकाच्या खाजगी सवयीचा मानला जातो. कोणी कादंबरीतील वर्णने सोडतो, कोणी इतिहासग्रंथातील वंशावळी सोडतो, कोणी प्रस्तावना वाचतच नाही, तर कोणी केवळ प्रस्तावना वाचूनच थांबतो. यात दुसऱ्याने लक्ष घालावे असे काय आहे, असे कोणीही विचारील. आणि केवळ आनंदासाठी वाचणाऱ्याच्या बाबतीत हे विचारणे रास्तही आहे. परंतु जो वाचून झाल्यावर त्या ग्रंथाविषयी काही विधान करणार आहे, ते लिहून ठेवणार आहे, आणि ज्याच्या विधानावर विसंबून पुढे आणखी कोणी दुसरे विधान करणार आहे, त्याची सवय खाजगी राहत नाही. पदव्युत्तर विद्यार्थी, संशोधक आणि अध्यापक हे सर्व या दुसऱ्या वर्गात मोडतात. तेव्हा या सवयीचा विचार निदान विद्यापीठीय अभ्यासाच्या क्षेत्रात तरी समीक्षेचा एक प्रश्न म्हणूनच केला पाहिजे.

या विचाराला आरंभीच एक अडथळा येतो. 'सोडून वाचणे' या एकाच शब्दप्रयोगाखाली आपण तीन निरनिराळ्या क्रिया एकत्र करतो. त्यांना आपल्या भाषेत तीन स्वतंत्र क्रियापदे आहेत : ओलांडणे, टाळणे आणि गाळणे. उंबरठा ओलांडणारा मनुष्य उंबरठा पाहूनच पाय उचलतो. आपण काय मागे टाकले हे त्याला ठाऊक असते आणि परत येण्याची वाट त्याला मोकळी असते. टाळणारा त्या वाटेने जातच नाही. तिकडे काय आहे याची त्याला कल्पना नसते, किंवा असलीच तर ती ऐकीव असते. गाळणाऱ्याची गोष्ट याहूनही वेगळी. तो स्वतःपुरते काही करीत नाही. गाळून झाल्यावर उरलेले तो दुसऱ्याच्या हाती देतो, आणि चोथा कोणता होता हे घेणाऱ्याला सहसा समजत नाही. ओलांडणे हा वाचकाचा अधिकार आहे, टाळणे हा त्याचा दुबळेपणा आहे, आणि गाळणे हे एक उत्तरदायित्वाचे काम आहे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. मराठी ग्रंथांच्या वाचनाचा इतिहास पाहिला असता या भेदाला पुष्कळ आधार सापडतो. त्यातील काही निवडक उदाहरणांचा येथे विचार केला आहे.

२

जुन्या मराठी वाचनपरंपरेत काही सोडण्यास मुळीच वाव नव्हता, अशी एक समजूत आहे. पारायणाची पद्धती तिच्या मुळाशी असावी. सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'चा सप्ताह करणारा सात दिवसांत संपूर्ण ग्रंथ वाचतो. कोणत्या दिवशी कोणत्या अध्यायापर्यंत जावयाचे हेही ठरलेले असते. एखाद्या अध्यायात रस वाटला नाही म्हणून तो सोडावा, हा विचार त्या वाचनात संभवत नाही, कारण तेथे वाचन हे व्रत आहे. परंतु त्याच ग्रंथाचे चौदावा आणि अठरावा हे दोनच अध्याय नित्य वाचण्याचा प्रघातही घरोघर आहे. शिवाय ग्रंथाच्या शेवटी अवतरणिकेचा अध्याय आहे, आणि त्यात आधीच्या सर्व अध्यायांचा विषय क्रमाने सांगितलेला आहे. म्हणजे समग्र वाचनाचा सर्वांत कडक नियम ज्या ग्रंथाला लागू आहे, त्याच ग्रंथाने निवडक वाचनाचीही सोय पाहिली आहे. मात्र नित्य दोन अध्याय वाचणारा आपण सप्ताह केला असे म्हणत नाही. आपण किती वाचले याविषयी त्याच्या मनात आणि शेजाऱ्याच्या मनातही गोंधळ नसतो. परंपरेने हा प्रामाणिकपणा फारसा गाजावाजा न करता सांभाळला आहे.

'दासबोधा'चे उदाहरण अधिक बोलके आहे. वीस दशक आणि दर दशकात दहा समास अशी त्याची रचना आहे. प्रत्येक समासाला स्वतःचा विषय आणि नाव असल्यामुळे वाचकाला हवा तो समास काढून वाचता येतो; आणि लेखनाविषयीचा, मूर्खलक्षणांचा किंवा राजकारणाचा समास तेवढाच काढून वाचणारे पुष्कळ असतात. तरीही पहिल्याच समासात समर्थांनी दोन गोष्टी एकापाठोपाठ एक केल्या आहेत. ग्रंथ कोणता, त्यात काय आहे, असे श्रोता विचारतो असे कल्पून त्यांनी ग्रंथातील विषयांची यादी दिली आहे; आणि संपूर्ण ग्रंथ न पाहता त्याला दूषण ठेवणाऱ्याचा तेथेच कठोर शब्दांत निषेध केला आहे. हा निषेध नीट पाहिला पाहिजे. अर्धा ग्रंथ वाचणाऱ्यावर समर्थांचा राग नाही. अर्धा वाचून संपूर्ण ग्रंथावर निर्णय देणाऱ्यावर त्यांचा राग आहे. वाचकाला दिलेली मोकळीक आणि टीकाकारावर घातलेले बंधन या दोन्ही गोष्टी एकाच समासात शेजारी शेजारी नांदतात. आधुनिक समीक्षेला या विषयात याहून नेमका नियम सांगता येईल असे वाटत नाही.

३

मुद्रणाच्या आणि नियतकालिकांच्या युगात हा प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. पुण्यात १८४८ साली सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले. तेच पुढे पुणे नगर वाचन मंदिर या नावाने प्रसिद्ध झाले. ग्रंथ घरी नेऊन एकट्याने, मनात वाचण्याची सवय अशा संस्थांमुळे वाढीस लागली. मोठ्याने वाचणाऱ्याभोवती श्रोते असतात आणि पाने उलटली तर ती कोणाच्या तरी ध्यानात येतात. मनात वाचणाऱ्याला साक्षीदार नसतो.

हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. पुण्यातून १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात ती क्रमशः प्रसिद्ध झाली. अंकागणिक वाचणाऱ्याला पुढचा भाग आधी पाहता येत नव्हता, कारण तो त्याच्या हाती आलेलाच नसे. यमूचे पुढे काय झाले हे जाणण्यासाठी त्याला यमूच्याच बरोबर थांबावे लागे. कादंबरी ग्रंथरूपाने आल्यावर वाचकाला शेवटची पाने प्रथम उघडण्याची मुभा मिळाली. हा फरक केवळ सोयीचा नाही, त्याचा कादंबरीच्या अर्थाशी संबंध आहे.

या कादंबरीचा आरंभीचा फार मोठा भाग घरगुती बारीकसारीक गोष्टींनी व्यापलेला आहे. माहेरचे वाद, सासरची बोलणी, लहान मुलीच्या मनात राहून गेलेले प्रसंग, वडीलधाऱ्यांचे रागलोभ हे सर्व यमू आपल्या बोलीत सांगत जाते. कथानकाची घाई असलेल्या वाचकाला हे पाल्हाळ वाटते, आणि आपट्यांच्या पाल्हाळाविषयी समीक्षकांनीही वेळोवेळी तक्रार केली आहे. परंतु पतीच्या मृत्यूनंतर यमूवर जे ओढवते, तिचे केशवपन ज्या जबरदस्तीने होते, त्याचा आघात कशावर उभा आहे? ज्या माणसांनी तो घडविला किंवा घडू दिला, त्यांचा रोजचा स्वर वाचकाच्या कानांत आधीपासून बसलेला असतो, त्यावर तो उभा आहे. आरंभीची पाने टाळून शेवटाकडे गेलेल्या वाचकाला एक भयंकर घटना कळते. ती किती साध्या, सवयीच्या आणि प्रेमाच्या म्हणविल्या जाणाऱ्या व्यवहारातून उगवली हे मात्र कळत नाही. घटना कळणे आणि तिचे मूळ कळणे यांतील अंतर हाच त्या कादंबरीचा विषय आहे. तिच्या नावातला प्रश्न समाजाला विचारलेला आहे हे खरे. तो पाने उलटणाऱ्या वाचकालाही लागू पडतो.

येथे एक आक्षेप येईल. पाल्हाळ हा दोष असूच शकत नाही काय? प्रत्येक लांबलेले पान अर्थपूर्णच मानावे काय? तसे मुळीच नाही. आपट्यांच्या कादंबऱ्यांतही साप्ताहिकाची जागा भरण्यासाठी वाढलेला मजकूर असू शकतो. परंतु अमुक मजकूर पाल्हाळ आहे हे ठरविण्यासाठी तो वाचावा लागतो. न वाचता त्याला पाल्हाळ म्हणणाऱ्याने निर्णय आधी घेतला आणि पुरावा पाहिलाच नाही, असे होईल.

४

सोडून वाचण्याच्या सवयीचा सर्वांत मोठा परिणाम मराठीतील चर्चाप्रधान कादंबरीला भोगावा लागला आहे. वामन मल्हार जोशी यांची 'रागिणी' १९१५ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. रागिणी आणि उत्तरा यांच्या कथेइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक, त्या कादंबरीतील तत्त्वचर्चेची चर्चा झाली. कथा वाचावी आणि चर्चा सोडावी, असा सल्ला या कादंबरीविषयी अनेकांनी ऐकला असेल. वस्तुतः ग्रंथकाराने कादंबरीला 'काव्यशास्त्रविनोद' असे दुसरे नाव देऊन आपला हेतू मुखपृष्ठावरच जाहीर केला होता. ज्या ग्रंथाने आपले स्वरूप दारातच सांगितले आहे, त्यात शिरून शास्त्रविनोद का आहे अशी तक्रार करणे उचित नव्हे.

याहून महत्त्वाचा मुद्दा असा की, नीतीची केवळ मांडणी करावयाची असती तर वामन मल्हारांना त्यासाठी दुसरे स्थान उपलब्ध होते. 'नीतिशास्त्रप्रवेश' हा त्यांचा स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्धच आहे. तेव्हा कादंबरीतील चर्चा ही नीतिशास्त्राच्या ग्रंथातून चुकून इकडे आलेली प्रकरणे नव्हेत. शास्त्रग्रंथात मत मांडले जाते. कादंबरीत ते मत कोणातरी व्यक्तीचे असते, आणि त्या व्यक्तीला त्या मतासह जगावे लागते. स्त्रीच्या स्वातंत्र्याविषयी बोलणारी स्त्री पुढे कोणता निर्णय घेते, हे पाहिल्यावर आधीच्या बोलण्याला वेगळे वजन येते. चर्चा टाळणाऱ्याला निर्णय दिसतो. तो ज्या विचाराच्या विरुद्ध किंवा ज्या विचारामुळे घेतला गेला तो विचार दिसत नाही. मग पात्रे निर्जीव वाटू लागतात, आणि हा दोष ग्रंथकाराच्या माथी मारला जातो.

श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या 'ब्राह्मणकन्ये'च्या (१९३०) बाबतीत प्रस्तुत लेखकाला स्वतःचीच साक्ष द्यावी लागेल. विद्यार्थिदशेत ही कादंबरी प्रथम हाती घेतली तेव्हा कालिंदीच्या कथेपुरतीच ती वाचली. वैजनाथशास्त्र्यांचे विवेचन आणि त्यांची नवी स्मृती रचण्याची खटपट हा भाग दिसला की पाने उलटावयाची, असा क्रम होता. त्या वाचनावर एक निबंधही लिहिला. सदोष जन्माच्या कलंकामुळे आडवाटेला गेलेल्या एका तरुणीची कथा, असे त्यात कादंबरीचे वर्णन होते. आणि ग्रंथकाराने समाजशास्त्राचा अकारण भार घालून ती कथा दडपली, असा शेरा होता. निबंधाला बरे गुण मिळाले. हेच अधिक चिंताजनक, कारण तपासणाऱ्यानेही तीच पाने उलटली असावीत असा संशय घेण्यास त्यामुळे जागा राहते.

पुढे काही वर्षांनी अध्यापनाच्या निमित्ताने कादंबरी समग्र वाचावी लागली, तेव्हा तो निबंध सर्वस्वी चुकीचा होता हे ध्यानात आले. वैजनाथशास्त्र्यांचा भाग काढून टाकला तर कालिंदीच्या वर्तनाचा न्याय प्रचलित रूढीप्रमाणे करण्यावाचून वाचकापुढे दुसरा मार्गच राहत नाही. तो भाग वाचला म्हणजे प्रश्न बदलतो. कालिंदी चुकली की नाही, हा प्रश्न मागे पडतो आणि तिचा न्याय कोणत्या नियमाने करावयाचा, तो नियम कोणी आणि कोणत्या काळासाठी केला, तो आज बदलता येईल काय, हे प्रश्न पुढे येतात. मग कादंबरीच्या नावातील उपरोधही उघड होतो. ज्या समाजाने कालिंदीला पुरते ब्राह्मण मानले नाही, त्याच्यासमोर तिला ब्राह्मणकन्या म्हणून उभे करणे हा ग्रंथकाराचा युक्तिवाद आहे, आणि त्या युक्तिवादाचा अर्धा भाग प्रस्तुत लेखकाने न वाचताच निकाल दिला होता.

केतकरांच्या कादंबऱ्यांत भाषेचा ओबडधोबडपणा आहे, रचनेत ढिलेपणा आहे, कित्येक संभाषणे व्याख्यानासारखी आहेत. हे सर्व मान्य केले पाहिजे. परंतु दुर्गा भागवत यांना १९६७ साली 'केतकरी कादंबरी' हे स्वतंत्र पुस्तक लिहावेसे वाटले, याचे कारण या कादंबऱ्या समग्र वाचल्या असता त्यांतून एक वेगळाच प्रकार हाती लागतो हे असावे. कलादृष्ट्या फसलेला भाग आणि अनावश्यक भाग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फसलेला भागही ग्रंथाचा आवश्यक अवयव असू शकतो. आणि तो का फसला हे सांगणे हेच पुष्कळदा समीक्षेचे काम असते.

५

याचा अर्थ काहीच सोडू नये असा होतो काय? तसे म्हणणे दांभिकपणाचे होईल. कोणताही अभ्यासू मनुष्य आयुष्यात जितके ग्रंथ हाताळतो तितके समग्र वाचीत नाही, आणि वाचूही नयेत. मात्र काय सोडता येईल हे ठरविताना आपल्या लहरीपेक्षा ग्रंथाच्या रचनेकडे पाहावे. वेलूच्या पेरांप्रमाणे ग्रंथालाही सांधे असतात. तेथे तो मोडला तर तंतू तुटत नाहीत. काही ग्रंथकारांनी हे सांधे स्वतःच दाखवून ठेवले आहेत.

लोकमान्य टिळकांचे 'गीतारहस्य' हे याचे उत्तम उदाहरण होय. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्यात संस्कृत वचनांचा भरणा मोठा आहे, आणि टिळकांचा वाचक मात्र केवळ शास्त्रीपंडितांपुरता मर्यादित नव्हता. म्हणून संस्कृत न जाणणाऱ्या वाचकाने श्लोक सोडून नुसते मराठी विवेचन वाचीत गेले तरी अर्थात खंड पडू नये, अशी वाक्यरचना आपण ठेवल्याचे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. वाचकाला दिलेली ही परवानगी किती विचारपूर्वक दिलेली आहे हे पाहण्यासारखे आहे. काय सोडता येईल, कोणी सोडावे आणि सोडल्याने काय बिघडणार नाही, या तिन्ही गोष्टी तेथे स्पष्ट आहेत. श्लोक तर जागच्या जागीच आहेत. ज्याला प्रमाण तपासावयाचे आहे त्याच्यापासून ते हिरावलेले नाहीत. परंतु ही परवानगी श्लोकांपुरतीच आहे. कापिलसांख्याचे किंवा अध्यात्माचे प्रकरण कठीण म्हणून टाळावे आणि एकदम संन्यास व कर्मयोग यांच्या प्रकरणाकडे वळावे, असे टिळकांनी कोठेही सुचविलेले नाही. तसे करणाऱ्याला टिळकांचा निष्कर्ष मिळतो आणि त्याची सिद्धी हातची जाते. 'गीतारहस्या'विषयी जी घोषणावजा विधाने आपण वारंवार ऐकतो, त्यांतील पुष्कळशी अशा वाचनातून जन्मलेली आहेत, असे म्हणावेसे वाटते.

दुसरे उदाहरण पुन्हा केतकरांचेच घेता येईल. त्यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड आहेत. कोश हा क्रमाने वाचण्याचा ग्रंथ नव्हे. हवा तो शब्द काढावा, नोंद वाचावी आणि कोश मिटावा, हीच त्याची रीत. तेथे सोडणे हेच वाचन आहे. तथापि शब्दवार खंडांना आरंभ करण्यापूर्वी केतकरांनी पाच प्रस्तावनाखंड लिहिले, आणि त्यांत हिंदुस्थान व जग, वेदविद्या, बुद्धपूर्व व बुद्धोत्तर जग आणि विज्ञानाचा इतिहास हे विषय क्रमाने मांडले. म्हणजे एकाच ग्रंथात दोन प्रकारच्या वाचनांची अपेक्षा आहे : पाच खंड सलग, आणि पुढचे हवे तेव्हा हवे तेवढे. आज ज्ञानकोशाकडे वळणारे बहुतेक जण नोंदीपुरते वळतात आणि प्रस्तावनाखंडांना हातही लावीत नाहीत. त्यामुळे नोंदी ज्या दृष्टीतून लिहिल्या गेल्या ती दृष्टी अज्ञात राहते. ग्रंथ एक, ग्रंथकार एक, तरी सोडण्याचा नियम खंडागणिक बदलतो. तेव्हा सर्व ग्रंथांना एकच नियम लावू पाहणे व्यर्थ आहे.

६

आतापर्यंतचा विचार वाचकाने स्वतःपुरते केलेल्या निवडीचा झाला. गाळणे ही याहून गंभीर क्रिया आहे, कारण तीत दुसऱ्याची निवड आधीच होऊन गेलेली असते. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ साली वाचकाच्या दहा हक्कांची जी सनद मांडली, तीत पाने सोडण्याचा हक्क दुसऱ्या क्रमांकावर आहे. मुलांनी हा हक्क स्वतः बजावला नाही तर मोठी माणसे त्यांच्या वतीने पाने गाळतील, हे त्यामागील कारण त्यांनी दिले आहे. आपल्याकडील संक्षिप्त आवृत्त्यांचा अनुभव या विधानाला पुष्टी देतो. कोणती पाने गेली हे अशा आवृत्तीत सहसा सांगितलेले नसते. वाचक समग्र ग्रंथ वाचल्याच्या समजुतीत राहतो. त्याने काहीच टाळलेले नसते, तरी त्याच्याकडून बरेच टळलेले असते.

मात्र गाळण्याचे काम प्रामाणिकपणे कसे करता येते याचा आदर्शही पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्णतेस नेले. डॉ. वि. सी. सुखठणकर यांनी १९२५ पासून संपादनाची धुरा वाहिली आणि पद्धती घालून दिली. निरनिराळ्या लिपींतील हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर ज्या श्लोकांना पुरेसा आधार मिळाला नाही ते मूळ संहितेतून काढण्यात आले. गणेशाने व्यासांचा लेखक व्हावे, हा सर्वपरिचित प्रसंगही संहितेत राहिला नाही. परंतु काढलेले काहीही नाहीसे केले गेले नाही. लहान पाठ त्याच पृष्ठाच्या तळाशी क्रमांक देऊन छापले, मोठे उतारे परिशिष्टात दिले, आणि कोणत्या हस्तलिखितांत ते आढळतात हेही नोंदविले. संपादकाशी ज्याचे मतभेद असतील त्याच्या हाती संपादकाने स्वतःच साधने ठेवली आहेत.

याची तुलना आपल्याच परंपरेतील एका थोर संपादनाशी करून पाहावी. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'ची प्रत शुद्ध केली. ते उपकार मराठी भाषा विसरणार नाही. परंतु त्यांनी कोणते पाठ बाजूला ठेवले याची नोंद, त्या काळी तशी पद्धती नसल्यामुळे, मागे राहिली नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून एक पोथी छापली आणि तिच्यावर दीर्घ वाद झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण आहे. एकनाथांची निवड चुकली असे येथे म्हणावयाचे नाही. निवडीची नोंद नसली म्हणजे योग्य निवडही पुढील पिढ्यांना तपासता येत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे.

आणि तरीही, चिकित्सक आवृत्तीची तळटीप न वाचता 'पुण्याच्या पंडितांनी गणपती काढून टाकला' असे म्हणणारे सुशिक्षित लोक भेटतात. संपादकाने हिशेब दिला, पण वाचकाने हिशेबाचे पानच टाळले, तर इलाज नाही.

७

आजच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न अधिक बिकट होऊन उभा आहे. अभ्यासक्रमात ग्रंथाचा नेमलेला भाग असतो. 'ज्ञानेश्वरी'चा एखादा अध्याय, एखाद्या आत्मचरित्राची काही प्रकरणे. येथे गाळण्याचे काम अभ्यासमंडळाने केलेले असते, आणि वेळेच्या मर्यादेत ते अपरिहार्यही आहे. त्यात आता संगणकाची भर पडली आहे. जुने ग्रंथ आणि नियतकालिके मोठ्या प्रमाणात संगणकावर उपलब्ध झाली, ही संशोधनाच्या दृष्टीने मोठीच सोय होय. एखादा शब्द टाकला की तो जेथे जेथे यंत्राला ओळखता आला ती ती पाने समोर येतात. परंतु शोधून काढलेले पान आणि वाचता वाचता लागलेले पान यांत अंतर आहे. शोधणाऱ्याला जे शोधावयाचे होते तेच सापडते. आपल्याला काय शोधावयास हवे होते हे सांगणारे पान त्याच्या समोर येतच नाही. 'ब्राह्मणकन्ये'त 'कालिंदी' हा शब्द शोधणाऱ्याला वैजनाथशास्त्र्यांच्या विवेचनाची पाने दिसतीलच असे नाही. आणि ती टाळली गेली हे त्याला कळणारही नाही, कारण पाने उलटताना बोटांना जी जाडी जाणवते तीही येथे नाही. टाळण्याचे भान देखील नाहीसे होणे, ही या सोयीची किंमत आहे.

या परिस्थितीत विद्यार्थ्यांना 'सर्व काही वाचा' असा उपदेश करणे सोपे आणि निरुपयोगी आहे. त्याऐवजी तीन साध्या गोष्टींचा आग्रह धरता येईल. पहिली, ज्या ग्रंथावर आपण निर्णय देणार आहोत तो, निदान तेवढा एक ग्रंथ, समग्र वाचावा. समर्थांनी घातलेले बंधन यापलीकडे जात नाही. दुसरी, इतर ग्रंथांतील भाग सोडताना तो ओलांडावा, टाळू नये. म्हणजे प्रकरणाचे नाव, आरंभ आणि शेवट पाहून, त्यात काय आहे याची एक ओळ टिपून मगच पुढे जावे. तिसरी, प्रबंधात आपण काय वाचले याबरोबर काय वाचले नाही हेही सांगावे. 'या नियतकालिकाचे पहिल्या दहा वर्षांचेच अंक पाहिले आहेत' असे एक वाक्य लिहिल्याने प्रबंधाची प्रतिष्ठा कमी होत नाही. त्यातील उरलेल्या विधानांवर मात्र अधिक विश्वास ठेवता येतो. सुखठणकरांनी पृष्ठाच्या तळाशी जी ओळ आखली, तिचेच हे लहानसे अनुकरण होय.

मराठी समीक्षेत काही विशेषणे पिढ्यानुपिढ्या चालत आली आहेत. अमुक कादंबरी पाल्हाळिक, तमुक चर्चाप्रधान, अमुक ग्रंथ रूक्ष, तमुक प्रचारकी. यांतील किती विशेषणे समग्र वाचनातून आली आणि किती उलटलेल्या पानांतून आली, हे कोणी तपासलेले नाही. तपासणे अवघड आहे, अशक्य नाही. प्रत्येक पिढीतील काही थोड्या विद्यार्थ्यांनी एकेक ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावा, एवढीच त्याची पूर्वअट आहे. प्रस्तुत लेखकाच्या त्या जुन्या निबंधाची प्रत अजून जपून ठेवलेली आहे. नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला ती विद्यार्थ्यांपुढे ठेवावी आणि तीतील कोणते वाक्य ग्रंथ न वाचता लिहिले आहे ते ओळखण्यास सांगावे, असा क्रम काही वर्षे चालू आहे. विद्यार्थी ते वाक्य लवकर ओळखतात. पण तेवढ्यासाठी त्यांना 'ब्राह्मणकन्या' आधी समग्र वाचावी लागते.